ताटातल्या अंगठ्या

नाताळापासूनच्या बारा दिवसांना रशियात ‘स्व्यात्की’ म्हणत. जुन्या काळी त्या दिवसांत संध्याकाळी एखाद्या घरी पोरीबाळी जमायच्या. मधे एक ताट. प्रत्येकीने आपली अंगठी काढून त्यात टाकायची, वर कापड पांघरायचं आणि गाणं सुरू करायचं. गाणं संपलं की एकीने कापडाखाली हात घालून हाताला लागेल ती अंगठी बाहेर काढायची. जिची अंगठी, तिचं ते गाणं. एखाद्या गाण्यात लग्न असायचं, एखाद्यात धनधान्य, एखाद्यात लांबचा प्रवास आणि एखाद्यात मरण. पुश्किनच्या ‘येव्गेनी अनेगिन’मध्ये तात्यानाची अंगठी अशीच निघते आणि तिच्या वाट्याला वाईट शकुनाचं गाणं येतं.

ताटाभोवतीच्या या गाण्यांत सुरुवातीला म्हणायचं एक गाणं असे, ‘स्लावा’. स्लावा म्हणजे जयजयकार. चाल अगदी छोटी, लहान पोरालाही दोनदा ऐकून म्हणता येईल अशी. ही चाल पुढे दोन स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये शिरली, एकदा १८०६ साली व्हिएन्नात आणि दुसऱ्यांदा १८९४ साली रशियात. या दोन टोकांच्या मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत रशियन लोकगीत आणि युरोपातला सर्वांत सोवळा मानला गेलेला संगीतप्रकार यांचं काय जमलं नि काय बिनसलं, ते इथे सांगायचं आहे.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. मराठीत ‘चौकडी’ म्हणावं तर आधी चांडाळ आठवतात, म्हणून क्वार्टेटच म्हणतो. इथे ऑर्केस्ट्राचा दणका नाही, ढोल-तुताऱ्या नाहीत. चौघं समोरासमोर बसून बोलतात आणि कुणाची चूक झाली तर लपायला जागा नाही.

गळ्यावर उभं राहिलेलं घराणं

व्हिएन्नातला रशियाचा राजदूत काउंट आंद्रेई रझुमोव्स्की स्वतः क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवायचा. त्याने बीथोव्हनकडून तीन क्वार्टेट मागवली. ती ओपस ५९, आज सगळे त्यांना रझुमोव्स्की क्वार्टेट म्हणतात. बीथोव्हनचा शिष्य चेर्नी याने लिहून ठेवलंय की प्रत्येकात एक रशियन चाल गुंफण्याचं बीथोव्हनने कबूल केलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या दोनांत त्याने ‘रशियन चाल’ असं ठळकपणे लिहून चाली घेतल्या. तिसऱ्यात तशी नोंद नाही, पण त्यातला उदास, डुलता दुसरा भाग ऐकताना पुष्कळांना रशिया आठवतो.

या रझुमोव्स्कींची गोष्ट क्वार्टेटइतकीच ऐकण्याजोगी आहे. काउंटचा काका अलेक्सेई हा युक्रेनमधल्या कझाक खेड्यात गुरं राखणारा पोरगा, देवळातल्या गायकवृंदात गाणारा. १७३१ मध्ये वाटेने जाणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्याचा आवाज ऐकला आणि त्याला पीटर्सबर्गच्या दरबारी गायकवृंदात नेऊन बसवलं. पुढे सम्राज्ञी झालेल्या एलिझाबेथचं मन त्याच्यावर जडलं आणि सगळ्या घराण्याचंच नशीब उघडलं. धाकटा भाऊ किरील युक्रेनचा शेवटचा हेटमान झाला. त्या किरीलचा मुलगा हा राजदूत. म्हणजे बीथोव्हनकडून ही क्वार्टेट मागवणाऱ्या माणसाचा महाल मुळात एका खेडुताच्या गळ्यावर उभा होता. ३१ डिसेंबर १८१४ च्या रात्री तो महाल जळाला.

बीथोव्हनने चाली ऐकल्या नव्हत्या, वाचल्या होत्या. निकोलाय ल्वोव हा वास्तुकार-कवी आणि इव्हान प्राच हा बोहेमियातून आलेला संगीतशिक्षक, या दोघांचं लोकगीतांचं पुस्तक १७९० मध्ये निघालं होतं. त्यात शंभर गाणी होती. १८०६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती दीडशे झाली. प्राचने प्रत्येक चालीखाली पियानोची साथ लिहिली, दिवाणखान्यात वाजवता येईल अशी नीटनेटकी. एखाद्या ओवीला हार्मोनिअमवर तीन पट्ट्या दाबून साथ द्यावी, तसा प्रकार. गाणं हरवलं नाही, पण त्याच्या अंगावरची माती झटकली गेली.

पहिल्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागातलं गाणं आपल्या नशिबाला सवाल करणारं, संथ आणि दुःखी. बीथोव्हनने त्याला घोड्यावर बसवलं. वर पहिलं व्हायोलिन एकाच स्वरावर कंप देत राहतं आणि खालून चेलो ती चाल घेऊन दौडत येतो. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. ती चाल स्वभावाने डी मायनरकडे झुकणारी आहे आणि बीथोव्हनने ती एफ मेजरमध्ये आणली, तरी तिचा मूळचा ओढा त्याने मारला नाही. ती एफची आहे की डीची, हा घोळ भागभर चालू राहतो. अगदी शेवटी गाणं एकदम संथ होतं, जणू त्याला आपली खरी लय आठवते, आणि मग चारी वाद्यं धावत सुटून भाग संपवतात.

हा घोळ रशियन गाण्याचा प्राण आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर गाणं ‘सा’वर सुरू होतं आणि हळूहळू ‘ध’लाच ‘सा’ मानून तिथे विसावतं. स्वर तेच, घर बदललं. मूर्च्छना ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. जर्मन शाळेत शिकलेल्या कानाला मात्र गाणं कुठल्या स्वरात आहे हे आधी ठरलेलं लागतं.

दुसऱ्या क्वार्टेटमध्ये आपली ताटावरची ‘स्लावा’ येते. तिसऱ्या भागाच्या मधल्या तुकड्यात व्हिओला ती सुरू करतो, मग एकेक वाद्य तीच चाल घेऊन आत शिरतं. बीथोव्हन चालीला काही सोडत नाही. उलटी-सुलटी करतो, एकीच्या शेपटीवर दुसरी चढवतो आणि शेवटी चाल स्वतःवरच इतकी दाटीने आदळते की स्वर एकमेकांना बोचू लागतात. जोसेफ कर्मन या समीक्षकाला यात सूड दिसला: काउंटने चाल गळ्यात मारली म्हणून बीथोव्हनने ती ठोकून ठोकून जमिनीत गाडली. मला सूड वाटत नाही, मस्ती वाटते. पण त्या पोरींपैकी कुणी हे ऐकलं असतं तर तिला आपलं गाणं ओळखू आलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

रमचा पेला आणि टॉलस्टॉयचे डोळे

साठ-पासष्ट वर्षांनी एका रशियन माणसाने चाल पुस्तकातून न घेता कानाने घेतली.

१८६९ च्या उन्हाळ्यात चायकोव्हस्की बहिणीच्या सासरी, कामेन्का इथे राहिला होता. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. घरात काम करणारा एक कारागीर गात होता. कुठल्या पुस्तकात तो सुतार असतो, कुठल्या पुस्तकात गिलावा करणारा. चायकोव्हस्कीने चाल टिपून घेतली. गाण्याचा विषय असा: वान्या दिवाणावर बसून पेल्यात रम ओततोय आणि पेला अर्धाही भरला नाही तोच कातेन्काला बोलावणं धाडतोय. (दिवाण हा शब्द त्यांच्याकडेही दिवाणच. फारसी दोन्हीकडे पोचली.) बस, एवढंच. विरह नाही, मरण नाही, देवही नाही.

दीड वर्षाने, १८७१ च्या सुरुवातीला, चायकोव्हस्कीला पैशांची नड होती. स्वतःच्या रचनांची मैफल करावी असं ठरलं. ऑर्केस्ट्रा परवडणारा नव्हता, म्हणून क्वार्टेट लिहायचं. रशियन संगीतातलं सर्वांत लाडकं क्वार्टेट असं काटकसरीतून जन्माला आलं. डी मेजर, ओपस ११. मार्चमध्ये मॉस्कोत ते वाजलं. पहिल्या व्हायोलिनवर फर्डिनांड लाउब, चेलोवर फिट्झेनहागेन. त्याचा दुसरा भाग म्हणजे वान्याचं गाणं.

नोटेशन मांडीवर घेऊन हा भाग ऐकला तर काय काय दिसतं ते सांगतो. आधी चौघांच्या वाद्यांवर म्यूट चढलेला असतो. घोडीवर बसणारा हा छोटासा चिमटा आवाजातली धार काढून घेतो. शेजारच्या खोलीत कुणी गात असावं तसं ऐकू येतं. चाल दोन मात्रांच्या खणांत चालते आणि मधेच एक खण तीन मात्रांचा येतो. ठेका धरून ऐकत असाल तर बोट चुकतं. का, तर गाणाऱ्या कारागिराने तिथे श्वास घेतला असेल किंवा शब्द लांबवला असेल. चायकोव्हस्कीने ती जादाची मात्रा कापली नाही, कागदावर ठेवली. प्राचसारख्या माणसाने ती सरळ करून टाकली असती.

मग गाणं थांबतं. चेलो गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडू लागतो, तेच चार-दोन स्वर उतरत्या पायऱ्यांनी, पुन्हा पुन्हा, आणि त्यावर व्हायोलिन एक दुसरीच धून गातं. ही धून लोकगीत नव्हे, चायकोव्हस्कीची स्वतःची. वान्याच्या गाण्याशेजारी ती जरा शहरी वाटते, अत्तर लावलेली. दोन्ही शेजारी ठेवायचं त्याचं धाडस मला आवडतं, पण कान वान्याकडेच परत जातो.

१८७६ च्या डिसेंबरात टॉलस्टॉय मॉस्कोत आला तेव्हा कॉन्झर्व्हेटरीचा संचालक निकोलाय रुबिनस्टाइनने त्याच्यासाठी तिथे खास मैफल ठेवली. चायकोव्हस्की त्याच्या शेजारी बसला होता. हा भाग वाजत असताना टॉलस्टॉय रडला. दहा वर्षांनी डायरीत चायकोव्हस्कीने लिहिलंय की रचनाकार म्हणून त्याचा अहंकार इतका कधीच सुखावला नव्हता. गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. खरी मजा पुढे आहे.

टॉलस्टॉयने घरी गेल्यावर लोकगीतांचा एक संग्रह चायकोव्हस्कीला भेट पाठवला. सोबत विनंती: यांचं काम मोझार्ट-हायडनच्या वळणाने कर, बीथोव्हन-शूमान-बर्लिओझच्या कृत्रिम वळणाने नको. चायकोव्हस्कीने आभार मानले आणि नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत कळवलं की गाणी अडाणी हाताने टिपली आहेत. एक तर ती जबरदस्तीने मोजून-मापून तालात कोंबली आहेत. रशियात बांधीव ताल फक्त नाचाच्या गाण्यांना असतो. दुसरं, बहुतेक सगळी डी मेजरमध्ये बसवली आहेत आणि रशियन गाण्याला हे कपडे होत नाहीत. खेड्यातल्या माणसांबद्दल एवढं लिहिणाऱ्या टॉलस्टॉयला खेड्यातल्या गाण्याची चुकीची प्रत ओळखता आली नाही. ती ओळखली शहरात नोकरी करणाऱ्या संगीतशिक्षकाने. तोच शिक्षक ती जादाची मात्रा जपून होता, हे लक्षात घेतलं की पत्रातला ताठा समजतो.

पुढे वान्याच्या गाण्याचा हा भाग इतका गाजला की लोक चायकोव्हस्कीची बाकीची क्वार्टेट ऐकेनात. दुसरं आणि विशेषतः लाउबच्या स्मरणार्थ लिहिलेलं तिसरं, १८७६ चं, माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं काम आहे. त्याला दिवाणावरच्या वान्याची सर लोकप्रियतेत कधी आली नाही.

जर्मन सोवळं

आता पीटर्सबर्ग. तिथे १८६२ मध्ये निकोलायच्या भावाने, अंतोन रुबिनस्टाइनने, कॉन्झर्व्हेटरी काढली आणि त्याच वर्षी बालाकिरेव्ह या संगीतकाराच्या मंडळींनी मोफत संगीतशाळा. दोघांत विळ्या-भोपळ्याचं सख्य. बालाकिरेव्ह १८६० मध्ये व्होल्गाकाठी हिंडून गाणी गोळा करून आला होता आणि १८६६ ची त्याची चाळीस गाण्यांची वही ही त्या गटाची गाथा. क्वार्टेट म्हणजे त्यांच्या लेखी जर्मन सोवळं, प्राध्यापकी उद्योग. त्यामुळे त्यांच्यातल्याच बोरोदिनने क्वार्टेट लिहायला घेतलं तेव्हा मुसोर्गस्की आणि समीक्षक स्तासोव्ह हादरले. बोरोदिनने १८७५ च्या एका पत्रात हे मिश्कीलपणे नोंदवलंय.

बोरोदिन पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक, हौसेने चेलोवादक. जॉर्जियन सरदाराचा अनौरस मुलगा, पण कागदोपत्री नाव लागलं ते सरदाराच्या एका भूदासाचं. ‘लोक’ आणि ‘अभिजन’ या दोन्ही शब्दांवर त्याचा सारखाच हक्क होता. पहिल्या क्वार्टेटवर त्याने बीथोव्हनच्या चालीवरून सुचल्याचं कबूल केलंय आणि त्याच्याच संथ भागात मॉस्कोजवळच्या ‘चिमण्यांच्या टेकड्यां’वरचं लोकगीत घातलंय. सोवळंही पाळलं, ओवळंही.

दुसरं क्वार्टेट १८८१ चं, बायको येकातेरिनाला अर्पण केलेलं. वीस वर्षांपूर्वी हायडेलबर्गमध्ये तिला मागणी घातली होती त्याची आठवण. यात एकही लोकगीत उचललेलं नाही, आणि इतकं रशियन क्वार्टेट दुसरं नाही. तिसऱ्या भागात, म्हणजे प्रसिद्ध ‘नॉक्टर्न’मध्ये, चेलो आपल्या उंच स्वरांत गाऊ लागतो, मग व्हायोलिन तेच म्हणतं, पुढे दोघं एकमेकांच्या मागून थोड्या अंतराने तेच गातात. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. रशियन खेड्यात असंच गातात. एकजण ओळ उचलतो, बाकीचे त्यात शिरतात, प्रत्येकजण तीच चाल आपापल्या वाटेने नेतो आणि ओळीच्या शेवटी सगळे एका स्वरावर भेटतात. या शाखा-फांद्यांना ते ‘पदगोलोसोक’ म्हणतात. आपल्या भजनी मंडळात बुवांच्या मागे टाळकरी गातात तेव्हा कुणी वरून जातो, कुणी रेंगाळतो, कुणी एक हरकत जास्त घेतो. कुणाला त्यात बेसूर वाटत नाही. हार्मनीच्या पुस्तकात हे बसत नाही. या गाण्याची खरी मांडणी येव्गेनिया लिन्योवाने १८९७ पासून फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली तेव्हा कुठे नोंदली गेली. बोरोदिन त्याच्या दहा वर्षं आधीच वारला होता.

मला या विषयात एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे, ती इथे म्हणतो. चाल उचलणं सोपं असतं. ती बीथोव्हनने उचलली, बालाकिरेव्हच्याच गटातल्या रिम्स्की-कोर्साकोव्हने तर १८७८-७९ मध्ये रशियन चालींवरच चार भागांचं आख्खं क्वार्टेट बांधलं: शेतात, लग्नाआधी नवरीकडे, रिंगणनाचात, मठापाशी. ते त्याचं त्यालाच पुरेसं वाटलं नाही. त्यातले तीन भाग त्याने पुढे ऑर्केस्ट्रासाठी फिरवून घेतले. गाण्याची चाल घेऊन भागत नाही, गाण्याची खोड घ्यावी लागते: चुकलेला ठेका, बदललेलं घर, आगेमागे भेटणारे गळे. ती खोड चायकोव्हस्कीने एका भागात पकडली आणि बोरोदिनने तर चाल न घेताच.

त्याच्या नॉक्टर्नवरून ब्रॉडवेने १९५३ मध्ये ‘किस्मत’ या संगीतिकेसाठी प्रेमगीत करून घेतलं आणि मरून सदुसष्ट वर्षं झालेल्या प्राध्यापकाला १९५४ चा टोनी पुरस्कार मिळाला. हे आपलं जाता जाता.

शुक्रवारचं जेवण

क्वार्टेटचं सोवळं अखेर सुटलं ते एका लाकूडव्यापाऱ्याच्या घरी. मित्रोफान बेल्यायेव्ह व्हिओला वाजवायचा. दर शुक्रवारी त्याच्याकडे क्वार्टेट बसायचं. हायडन, मोझार्ट, बीथोव्हन ओळीने. रात्री एकच्या सुमारास भरपेट जेवण आणि पिणं. जेवणानंतर कुणी ताजं लिहिलेलं काही काढलं की तेही वाजायचं. रिम्स्की-कोर्साकोव्हने आठवणींत या शुक्रवारांची दाद दिली आहे. १८८६ मध्ये चौघांनी मिळून यजमानाला एक क्वार्टेट भेट दिलं, त्याच्या आडनावाच्या अक्षरांतून निघणाऱ्या तीन स्वरांवर: बी फ्लॅट, ए, एफ. बे-ला-एफ. रिम्स्की-कोर्साकोव्ह, ल्यादोव्ह, बोरोदिन आणि ग्लाझुनोव्ह असे ते चौघे. लाकडाच्या पैशातून बेल्यायेव्हने १८८५ मध्ये प्रकाशनसंस्थाही काढली, पण लाइपझिगमध्ये. रशियात छापलेल्या संगीताला बाहेर कायद्याचं संरक्षण नव्हतं. रशियन गाणं जर्मनीत छापून रशियात परत यायचं. या मंडळींची बरीच क्वार्टेट गोड आहेत, सफाईदार आहेत, आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.

पुन्हा ताट

१८९३ मध्ये चायकोव्हस्की गेला. पुढच्या वर्षी आंतोन आरेन्स्कीने त्याच्या स्मरणार्थ ए मायनरमध्ये क्वार्टेट लिहिलं, ओपस ३५. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत तो रख्मानिनोव्ह आणि स्क्र्याबिनचा शिक्षक. आज त्याचं नाव बहुधा त्या दोघांमुळेच निघतं. पण या एका कामात त्याने सगळ्यांवर कडी केली आहे. नेहमीच्या दोन व्हायोलिनांऐवजी एकच व्हायोलिन, एक व्हिओला आणि दोन चेलो. नुसत्या मांडणीनेच आवाजाचं वजन खाली, छातीत उतरतं. सुरुवात ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या संथ पठणाने, म्यूट लावलेल्या तारांवर. देवळाच्या दाराशी उभं राहून ऐकल्यासारखी. मधला भाग चायकोव्हस्कीच्याच एका बालगीताच्या चालीवर फिरत राहतो.

शेवटच्या भागात आधी मृतांसाठीची प्रार्थना येते, आणि मग एका चेलोतून ‘स्लावा’ डोकं वर काढते. तीच ताटावरची चाल, बीथोव्हनने चौघांत खेळवलेली. मधल्या काळात मुसोर्गस्कीने ‘बरीस गदुनोव्ह’मध्ये झारच्या राज्याभिषेकाला ती हजारो गळ्यांनी गायला लावली होती. आरेन्स्कीला हे सगळं ठाऊक असणारच. तोही तिला एकामागून एक वाद्यात शिरू देतो, पण बीथोव्हनसारखा तिच्यावर चढून बसत नाही. जयजयकार आहे, मेलेल्या माणसाचा आहे, आणि ताटात हात घातल्यावर मरणाचं गाणंही निघू शकतं हे तिला माहीत आहे, असं वाटत राहतं.

ऐकायचं असेल तर एवढं करा. बीथोव्हनचं ओपस ५९ मधलं दुसरं क्वार्टेट काढून त्याचा तिसराच भाग लावा. तो संपला की लगेच आरेन्स्कीच्या ओपस ३५ चा शेवटचा भाग. दोन चेलोंचा आहे ना, हे आधी पाहून घ्या, कारण त्याचा नेहमीच्या क्वार्टेटसाठीचा पर्यायही मिळतो. दोन्ही मिळून पंधराएक मिनिटं लागतात. मधे फोन घेऊ नका.